समोरचा पाय

(आरमोरीच्या अलीकडचं एक खळं. धान चुरून झालंय, तणसाचा ढीग पसरलाय. नोव्हेंबरची दुपार.)

रंभा : म्हंजे आठ महिन्यात चार गुरू केले तू. अन् मी पाचवी.

संघप्रिया : चार नाई, ताई. तीन. सरांना त्यात धरू नका, सर तं लहानपणापासून आहेत.

रंभा : बरं, तीन. कोन कोन?

संघप्रिया : चंद्रपूरले तायक्वांदो केलं, दीड महिना. मग किकबॉक्सिंग, दोन महिने. मग जुजुत्सू, पण ते मोबाईलवर पाहून, मावसबहिणीले पाडून पाडून. तिनं आता आमच्या घरी यायचंच सोडलं.

रंभा : हे समदं कायले पायजे तुले?

संघप्रिया : एमएमएसाठी. नागपुरात त्याची एक फाईट हरली मी. त्या पिंजऱ्यात सगळंच चालते ना. बुक्की चालते, लाथ चालते, पाडणं चालते, खाली दाबून गळा धरणंही चालते. एकच खेळ येऊन भागत नाई. मले बॉक्सिंग येते. त्याच्यासंगं काय शिकावं हेच ठरून नाई राह्यलं. कोणी म्हणते लाथा शीक. कोणी म्हणते ज्युदो शीक. एक सुरू केलं का वाटते दुसऱ्यात जास्त फायदा होता. मग परवा तुमचा व्हिडिओ सापडला. मंडईच्या जत्रेतली कुस्त्यांची दंगल. सलवार खोचून तुम्ही त्या वडशाच्या पैलवानाले असं उचललं—

रंभा : लग्नाआंधीचा हाये तो. कोनं टाकला का मालूम.

संघप्रिया : त्याच्यानंतर कोणाले पाडलंच नाई?

रंभा : कोनाले पाडू? सासूले?

संघप्रिया : तसं नाई, ताई.

रंभा : चार वर्सं झाले. पोरगी झाली, धान आला, धान गेला. इथी कोन हाये लढाले? अन् ते रस्त्यावर गाडीपाशी कोन उभे हायेत? मघापासून पाहून राह्यली मी. हेल्मेट काढत नाईत अन् बसतबी नाईत.

संघप्रिया : तेच सर. वामनराव सर. बल्लारपूरले विहाराच्या मागं शेड आहे, तिथं शिकवतात. मी अकरा वर्षांची होती तवापासून. मिलमधून रिटायर झाले आता, पण सकाळी पाच म्हणजे पाच.

रंभा : मंग इकडं काऊन नाई येत?

संघप्रिया : रागात आहेत. म्हणाले, सोडून देतो तिथवर, पण तुले कुस्ती खेळताना पाहणार नाई. सव्वाशे किलोमीटर एक शब्द बोलले नाईत. मूलच्या स्टँडवर चहा घेतला, तवाही नाई.

रंभा : अन् तरी आनलं तुले.

संघप्रिया : मी बसनं येत होती. त्यांनीच गाडी काढली.

रंभा : हं. उभी राय. जशी लढतेस तशी.

संघप्रिया : इथंच? तणसावर?

रंभा : मंग गादी आनू का तुयासाठी? उभी राय.

संघप्रिया : ही घ्या. डावा पाय समोर, उजवा हात गालाशी, डाव्यानं जॅब, म्हणजे सरळ बुक्की.

रंभा : मार मले.

संघप्रिया : खरंच मारू?

रंभा : मार म्हनते ना... हं. झालं. उठ.

संघप्रिया : अरे! मी पाहिलंच नाई. कुठून आल्या तुम्ही?

रंभा : खालून. उठ, पुन्हा.

संघप्रिया : आता तयार आहे मी. आता नाई पडत. आता— आई गं!

रंभा : तिसऱ्यांदा.

संघप्रिया : थांबा, बूट काढते. बुटानं घसरते.

रंभा : काढ. ... बूट काढूनबी पडली. अजून?

संघप्रिया : अजून.

रंभा : पाच. ... सहा. साही बखत एकच पाय धरला मी. समोरचा. सारं वजन तू त्याच्यावर टाकतेस, जसा का खुंटा गाडला. खुंटा पाहून कोनबी दोर बांधते.

वामनराव : प्रिया, हनुवटी खाली घे! कितीदा सांगितलं!

रंभा : आले पाहा. राहवलं नाई. या जी, भाऊ, या. हेल्मेट काढा आता.

वामनराव : जय भीम, बाई. मी थांबायला नाई आलो. तिकडं ऊन फार आहे, म्हणून.

रंभा : नमस्कार जी. झाडाखाली बाज हाये, बसा. तुमच्या पोरीचा पाय पाहिला का?

वामनराव : पाहिला. तिथून दिसत होता. सहाव्यांदाही तोच.

रंभा : कोनं शिकवलं असं उभं रायाचं?

वामनराव : मी. तीन महिने खडूनं पावलं काढली होती शेडच्या फरशीवर. डावं इथं, उजवं इथं. पाणी सांडून पुसलं जायचं, मी पुन्हा काढायचो. अकरा वर्षांची होती. बॉक्सिंगमध्ये कमरेखाली कोणी हात लावत नाई, बाई. तिथं हा पाय बराबर आहे.

रंभा : तिथी असंल. इथी नाई.

वामनराव : समजलं मला. डोळे आहेत.

संघप्रिया : सर, म्हणूनच तं मी म्हणत होती, नुसती बॉक्सिंग करून—

वामनराव : तू गप. दर महिन्याला नवीन काहीतरी. एक दिवस लाथा, एक दिवस मोबाईल. पाच आठवड्यांवर फाईट आली अन् हिला अजून ठरवायचं आहे की काय शिकू.

रंभा : भांडा मंग. आधी मले एक पाहू द्या. संघप्रिया, आता खाली राय. पोटावर. मी पाठीवर बसते, तू निंघाचं. बस, एवढंच.

संघप्रिया : हो. चालते.

रंभा : हं. मी बसली. आता माझा हात येऊन राह्यला... अवो! काऊन थापटून राह्यली, सोड म्हनून? मी अजून धरलंबी नाई.

संघप्रिया : लागलं.

रंभा : कुठी? हात तं खांद्यावर होता माझा.

संघप्रिया : डोळ्यात तणस गेलं.

रंभा : बरं. पूस. पुन्हा.

संघप्रिया : थांबा. थांबा, थांबा, थांबा. सोडा! सोडा मले!

रंभा : सोडलं. सोडलं बाई. हे पाय, दोनी हात वर हायेत माझे. उठ. बस इथी.

वामनराव : काय झालं? खांदा गेला का? दाखव.

संघप्रिया : काई नाई झालं, सर.

रंभा : भाऊ, तो गडवा द्या इकडं. घे, पानी पी. हळू. आता खरं सांग, नागपुरात का झालं होतं?

संघप्रिया : हरली.

रंभा : ते मालूम हाये. कशी?

संघप्रिया : दुसऱ्या मिनिटाले तिनं पाय धरला. हाच. पाडलं. मग पाठीवर आली अन् मागून गळ्यात हात घातला. बस.

रंभा : थापटलं काऊन नाई? थापटलं का सोडतात ना?

संघप्रिया : मले वाटलं निघेन. लोकं पाहत होते. मोबाईलवर सारी कॉलनी पाहत होती, आई पाहत होती. मले वाटलं अजून एक झटका दिला का निघेन. मग एकदम आवाज दूर दूर गेले. शेवटी फक्त सरांचा येत होता. जॅब मार प्रिया, जॅब मार. मग तोही नाई. डोळे उघडले तं डॉक्टर माझे पाय वर धरून उभा होता.

रंभा : किती दिवस झाले?

संघप्रिया : आठ महिने.

रंभा : अन् तवापासून हे चालू हाये. हे शीक, ते शीक.

संघप्रिया : हारल्यावर शिकायले नको का?

रंभा : पायजे ना. पन तू का शिकली ते पाय. तायक्वांदो. त्यात कोनी गळ्याले हात लावते?

संघप्रिया : नाई.

रंभा : त्या दुसऱ्या लाथाच्या खेळात?

संघप्रिया : त्यात... नाई. पण जुजुत्सू केलं ना मी. ते तं सगळं खालचंच असते.

रंभा : मावसबहिनीसंगं. कोन वर होतं अन् कोन खाली?

संघप्रिया : मी वर.

रंभा : एकदाबी खाली गेली नाई?

संघप्रिया : ...रात्री ओढणीही घेत नाई मी गळ्यावर. मले वाटलं, जे शिकल्यानं कोणी जवळच येणार नाई असं काहीतरी सापडंल. लांबून लाथ, लांबून बुक्की. असं काही असंल तं शोधून काढू.

वामनराव : हे तू मला नाई सांगितलं.

संघप्रिया : तुम्ही विचारलं नाई, सर.

वामनराव : मी विचारलं नाई. बराबर आहे. मला वाटलं, तुला माझी बॉक्सिंग जुनी झाली. म्हातारा जुना झाला. म्हणून तू दारोदार फिरून राह्यली.

संघप्रिया : काईही.

वामनराव : एक गोष्ट सांगतो, बाई, तुम्हीही ऐका. ती बेशुद्ध पडली होती अन् मी ओरडत होतो. जॅब मार. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. त्याच दिवशी घेतलेला, पांढरा. तो फेकला की फाईट थांबते. एवढंच काम असते कोपऱ्यातल्या माणसाचं. मला कळलंच नाई काय चालू आहे. मला वाटलं, पोरगी दम खाऊन राह्यली. रेफरीनं सोडवलं तिला. अन् मी त्याच्या अंगावर गेलो, का थांबवली म्हणून.

संघप्रिया : तुम्ही रेफरीशी भांडले? हे मले कोणीच नाई सांगितलं.

वामनराव : तू तिथं पडलेली होती अन् मी भांडत होतो. कोण सांगणार?

रंभा : भाऊ, बसा. उभे नका राहू.

वामनराव : नाई. प्रिया, मागं ये माझ्या.

संघप्रिया : काऊन?

वामनराव : तो गळा धर माझा. जसा तिनं धरला होता, तसाच.

संघप्रिया : येडे झाले का, सर?

रंभा : वय का तुमचं?

वामनराव : एकसष्ट. गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे. बीपी नाई, साखर नाई. बाई, मी पुन्हा त्या कोपऱ्यात उभा राहणार आहे. तिथं किती वेळ असतो ते मला माहीत पाहिजे. कोणी सांगून नाई. ये बेटा.

संघप्रिया : मी नाई करत.

वामनराव : बारा वर्षं मी सांगितलं ते तू केलं. हे पण कर.

रंभा : कर. मी समोर बसते, त्यांच्या डोळ्याकडं ध्यान ठेवते. हळूच कर. भाऊ, तुम्ही तिच्या हातावर थाप मारा, ती सोडंल. पैलवानकी नका करू.

संघप्रिया : हात असा जाते, सर. हनुवटीखालून. कोपर बरोबर समोर आलं पाहिजे. दुसरा हात डोक्यामागं. आता मी आवळते... हळूच. थापटा. सर, थापटा. सर!

रंभा : सोड! सोड तिकडं!

संघप्रिया : सोडलं. सर? सर, काऊन नाई थापटलं?

वामनराव : थापटलं ना. थापटलं नाई का मी?

रंभा : शेवटी. बोटं हलले तुमचे थोडे.

वामनराव : मला वाटलं मी जोरात मारली थाप. ... अजब आहे. मला वाटत होतं श्वास बंद होते. श्वास तं चालूच होता. श्वास चालू अन् बाजूनं अंधार येते, पडदा ओढल्यासारखा. किती वेळ झाला?

संघप्रिया : पाच सेकंद. सहा असतील.

वामनराव : बस? एवढंच?

संघप्रिया : एवढंच.

वामनराव : एकदा जॅब मार म्हणेपर्यंत संपते हे.

रंभा : पानी घ्या.

वामनराव : नको. यातून निघायचं कसं?

संघप्रिया : तिचा हात बसायच्या आधी आपला हात आत घालायचा. गळा अन् तिचं मनगट, याच्या मधात. चारही बोटं. हनुवटी दाबून ठेवायची. बोटं आत आहेत तोवर अंधार येत नाई. मग कमरेतून फिरायचं, तिच्याकडं तोंड करायचं.

वामनराव : तुला सगळं येते.

संघप्रिया : व्हिडिओत पाहिलं.

वामनराव : मग धर पुन्हा. मी बोटं घालतो. चार.

संघप्रिया : पुन्हा?

वामनराव : पुन्हा. अन् मग तू खाली. मी धरतो. या बाईंचा हात नवीन आहे तुला. माझा नवीन नाई.

रंभा : हो. हे बराबर बोलले.

संघप्रिया : सर, तुम्ही आवळले तं मी...

वामनराव : मी आवळणारच नाई. नुसता हात ठेवतो. तू म्हणशील तेव्हा काढतो. शंभरदा काढू. संध्याकाळच्या आत बल्लारपूरला पोचायची घाई नाई मला.

रंभा : अन् काय शिकाचं ते ठरलं का मंग?

वामनराव : ठरलं. लाथा बंद. मोबाईल बंद. पाच आठवड्यात दोनच गोष्टी. माझ्या बुक्क्या अन् तुमचं हे... पडून उठणं.

रंभा : मी हो म्हटलं नाई अजून.

वामनराव : नाई म्हटलं का?

रंभा : सासूले विचारा लागते. रुखमाबाई नाव हाये तिचं, बोलते कमी. पोरगी इथी राह्यली तं घरातलं काम करा लागंल. सकारी माझ्यासंगं तनस बांधाचं, मंग कुस्ती. रोज. एक दिवसबी बल्लारपूर नाई.

संघप्रिया : राहते मी.

रंभा : अन् मले ताई नको म्हनू पाडताना. हसू येते, हात सुटते.

* * *

वामनराव : सरक. पाय काढ तिथून. मला रेघ मारू दे.

संघप्रिया : मातीवर खडू उमटत नाई, सर. तीन रविवार झाले, दर रविवारी तेच करता.

वामनराव : आज कोळसा आणला. हां, उमटला. डावं पाऊल इथं होतं तुझं, ते इथं आण. अर्धी वीत मागं. गुडघा थोडा वाकव. वजन दोन्ही पायांवर, सारखं.

संघप्रिया : बुक्कीत जोर नाई येत असं उभं राहून. काल पोत्यावर मारून पाहिलं. पोतं हललंही नाई.

वामनराव : दहा आणे जोर पुरते. पडल्यावर सोळा आणे जोराचं काय करशील?

रंभा : मी येऊन राह्यली. सावध... हं! सुटला पाय. पाह्यलं का भाऊ? सुटला. मागं फेकला तिनं.

वामनराव : पाहिलं. पुन्हा.

रंभा : हं... आता धरला. पन उठली. मी धरूनबी उठली. पैल्या आठवड्यात तनसात तोंड खुपसून पडून रायची.

वामनराव : अन् गळा?

रंभा : तेच कराचं हाये आता. तुमचे शंभर तं कधीचेच झाले. रोज सकारी चाळीस करतो आमी. काल आवळलंबी थोडं. तिनं सांगितलं, आवळ.

वामनराव : तिनं सांगितलं?

संघप्रिया : मग काय करू, माझ्यासमोर येणारी वर्ध्याची पोरगी हळू धरणार आहे का? सर, ऐका ना. ती वर्ध्याची ज्युदोची आहे. नॅशनल खेळलेली. मी पाहत होती, दोन आठवडे उरले आहेत, तं गडचिरोलीत एक ज्युदोचे सर आहेत, मंगळवार-शुक्रवार—

वामनराव : फोन दे.

संघप्रिया : नुसतं पाहिलं हो मी.

वामनराव : फोन दे इकडं.

रंभा : माझ्याजवळ द्या जी. धानाच्या कोठीत ठेवते. नागपूरले जाताना काढू.

संघप्रिया : आईचा फोन आला तं?

रंभा : अंजनाबाईपाशी माझा नंबर हाये. रोजच येते तिचा फोन. पोरगी जेवते का, झोपते का.

संघप्रिया : तुम्ही काय सांगता?

रंभा : जेवते सांगते. झोपेचं नाई सांगत. चल, पोटावर हो.

* * *

वामनराव : बस. पहिला राउंड झाला, स्टूलवर बस. पाणी. थुंक. नाकानं श्वास घे, नाकानं.

संघप्रिया : दोनदा पाडलं तिनं. दोनदा.

रंभा : दोनी बखत उठली तू. त्याचं बोल.

संघप्रिया : किती मोठा पिंजरा आहे हा. मागच्या वेळी एवढा नव्हता.

वामनराव : तेवढाच आहे. माझ्याकडं पाहा. लोकांकडं नाई. ती आत घुसताना डोकं खाली घालते. तेव्हा उजवा मार, खालून. जॅब नको. फक्त उजवा. समजलं?

संघप्रिया : समजलं.

रंभा : कपडा धराची सवय हाये तिची, ज्युदोवाली. इथी कपडा नाई, म्हनून मान धरून राह्यली. मान धरली का तू कंबर मागं घे. जशी खळ्यात घेतेस.

संघप्रिया : आई आली आहे का?

वामनराव : आहे. तिसऱ्या रांगेत. चल, उठ. उठ बेटा.

* * *

रंभा : बस. बस इथी. डोळे उघडे ठेव. मी कोन हाये?

संघप्रिया : रंभाताई. असं काय विचारता. शुद्धीत आहे मी.

रंभा : विचारा लागते. पानी घे.

संघप्रिया : धरला होता तिनं. गळा. पूर्ण धरला होता.

रंभा : हो.

संघप्रिया : सर, मले तुम्ही दिसत होते. टॉवेल तुमच्या हातात होता. वर केलेला.

वामनराव : होता.

संघप्रिया : फेकणार होते का?

वामनराव : तुझी बोटं मोजत होतो. चार दिसत होती, तिच्या मनगटाच्या आत. चार आहेत तोवर नाई फेकायचा. मग तीन झाली.

संघप्रिया : मग?

वामनराव : मग हात वर केला मी. तेवढ्यात तू फिरली.

रंभा : अशी फिरली का तिलेच समजलं नाई. इकडून अंजनाबाई ओरडली, तिकडून मी. मी का ओरडली ते माझं मले मालूम नाई.

संघप्रिया : भीती वाटली होती, सर. अजूनही वाटून राह्यली. पण आवाज गेले नाई या वेळी. सगळे ऐकू येत होते.

वामनराव : भीती राहू दे. तिला बाजूला बसव. एक राउंड आहे फक्त, तीन मिनिटं. ती दमली आहे, हात खाली येऊन राह्यले तिचे. आता जॅब मार.

संघप्रिया : आता?

वामनराव : आता. मन भरून.

* * *

संघप्रिया : सर, तर्री पोहे घ्या ना. गार होऊन राह्यले. बस यायले अर्धा तास आहे अजून.

वामनराव : तू खा.

संघप्रिया : माझी तिसरी प्लेट आहे. तुम्ही तोंड काऊन पाडलं?

वामनराव : दोन जजांनी तिला दिलं. एकानंच तुला. तिसरा राउंड पूर्ण तुझा होता. सात जॅब मोजले मी. सात! नाकातून रक्त काढलं तिच्या.

संघप्रिया : पहिले दोन तिचे होते, सर. खाली होती मी बराच वेळ. मी जज असती तं मीही तिलेच दिलं असतं.

वामनराव : मी नसतं दिलं.

संघप्रिया : तुम्ही तं मागच्या वेळीही दिलं नसतं.

वामनराव : ...ते आहेच.

संघप्रिया : आयोजक काय म्हणाले तुम्हाले? मघाशी बाजूला नेलं होतं.

वामनराव : मार्चमध्ये आणा म्हणाले तिला. त्यांना पाहिजे तू. लोकांना आवडली म्हणे.

संघप्रिया : मार्च. म्हणजे सव्वादोन महिने. मग या वेळी ज्युदो—

वामनराव : प्रिया.

संघप्रिया : गंमत केली, सर. कुस्तीच करते. खालचं कच्चं आहे माझं अजून. अन् मानेले बर्फ पाहिजे, वळून नाई राह्यली. आई गेली का बर्फ आणायले?

वामनराव : गेली. समोरच्या रसवंतीत गेली. तुझ्याशी बोलली का काही?

संघप्रिया : मारलं मले. पाठीत. मग जवळ घेतलं. ताई, तुम्ही पोहे काऊन नाई खात? पोरीची आठवण येऊन राह्यली का?

रंभा : येते ना. पन ते नाई.

संघप्रिया : मग?

रंभा : ते वर्ध्याची पोरगी. तिसऱ्यात ती मान धराले यायची, तवा तिचा उजवा पाय हवेत रायचा. नुसता लटकत. तीनदा राह्यला. मी जाळीले तोंड लावून पाहून राह्यली होती. तीनदा, संघप्रिया. कोनीबी पाडलं असतं तिले.

संघप्रिया : मले नाई दिसलं.

रंभा : तुले कसं दिसंल, तू आत होती. मले दिसलं. हात शिवशिवत होते माझे. त्या जाळीचे डाग पडले पाय बोटावर.

वामनराव : वजन किती तुमचं, बाई?

रंभा : मी कुठी काई म्हटलं?

वामनराव : मी पण काई नाई म्हटलं. वजन विचारलं.

रंभा : अठ्ठावन्न. धान मोजाच्या काट्यावर उभी राह्यली होती, परवा.

संघप्रिया : ताई! काट्यावर काऊन उभ्या राहिल्या तुम्ही?

रंभा : काटा रिकामा होता म्हनून.

वामनराव : घरी काय म्हणतील?

रंभा : सासू काईच नाई म्हनत. निंघताना पोरीले कडेवर घेतलं अन् म्हने, जा, मी हाये. नवरा म्हनंल थोडं. म्हनू दे.

संघप्रिया : पण बुक्क्या? तुम्हाले बुक्की येत नाई, ताई. तोंडावर कोणी मारली आहे का कधी?

रंभा : नाई. तेच विचारत होती मी मनात. किती लागते?

वामनराव : लागते. पहिल्या दिवशी डोळ्यात पाणी येते, राग येते. मग सवय होते. डोळे बंद होऊ न देणं, हे सगळ्यात अवघड. त्याला वेळ लागते.

रंभा : किती वेळ?

वामनराव : रोज आलं तर दोन महिने. शेड सकाळी पाचला उघडते. सांगून ठेवतो.

संघप्रिया : बस लागली. आरमोरीची आहे. चला, ताई, बॅग द्या इकडं. आई, इकडं! बर्फ घेऊन ये!

रंभा : भाऊ.

वामनराव : हं.

रंभा : आमच्या वावराले उन्हाळी पानी नाई. तनस बांधून झालं का मार्चपावतर मले काईच काम नसते.